ठकूआक्काची साक्ष

रूपाखेडीच्या राजवाड्यात सापाला कुणी साप म्हणत नसे. देव म्हणायचं. तबेल्यात देव निघाला, मुदपाकखान्यात देव निघाला, धाकट्या सूनबाईंच्या पलंगाखाली देव निघाला, की असतील तिथे सगळ्यांनी हात जोडून थिजायचं. मग गारुडी यायचा, देवाला मडक्यात घालायचा, तोंडाला पिवळं फडकं बांधायचा आणि नदीपलीकडे नेऊन सोडायचा. बरेचसे देव पोहून परत येत, पण ते कुणी बोलून दाखवत नसे.

हा सगळा मान ज्या एका नागामुळे होता, तो नाग डोळ्यांनी पाहिलेलं माणूस साऱ्या माळव्यात एकच उरलं होतं. ठकूबाई. सुभेदार सुभानराव खैरगव्हाणकरांची मामेबहीण.

गोष्ट राजवाड्यातल्या तान्ह्या पोरालाही पाठ होती. सुभानरावांचा बाप कुणाच्या तरी फौजेबरोबर मुलुखगिरीवर गेला तो गेलाच. आई पोराला घेऊन भावाच्या दारात, खैरगव्हाणात, येऊन पडली. पोर पाटलाची गुरं राखू लागलं. एकदा भर उन्हात बाभळीखाली झोपलं, सावली सरकली, ऊन तोंडावर आलं, आणि वारुळातून नाग निघून उशाशी फणा उभारून बसला. पोराच्या तोंडावर सावली पडली. मामाची लेक भाकरी घेऊन आली होती, तिनं ते पाहिलं. नाग आला तसा निघून गेला आणि पोराच्या कपाळावर राज्य ठेवून गेला. आधी दुसऱ्याच्या घोड्यावरचा बारगीर, मग स्वतःच्या घोड्याचा शिलेदार, मग पथक, मग माळव्यातल्या परगण्यांची चौथाई, आणि शेवटी ही रूपाखेडी.

खरं तर राज्य आलं तेव्हा नाग कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. छावणीतल्या पंगतीत शेजारचे सरदार भुरका मारता मारता विचारायला लागले, ‘राव, आपलं कूळ कोणतं म्हणायचं?’ तेव्हा तो नाग लागला. पाटलाची गुरं हे उत्तर पंगतीत चालण्यासारखं नव्हतं. कारभारी अंताजीपंतांनी धन्याला लहानपणचं काहीबाही विचारलं. धन्यानं अर्धं सांगितलं. पंतांनी तेवढंच घेतलं. मग नागाला साक्षीदार हवा म्हणून खैरगव्हाणाजवळच्या वस्तीवर, ठकूबाईच्या दारात, पालखी आली.

‘चार दिस राहून ये की,’ ठकूबाईचा नवरा भिकोबा म्हणाला. ‘पालखी काय रोज येती व्हय?’

ते चार दिवस अजून संपायचे होते. दरसाल नागपंचमीला दरबार भरे, ठकूबाई साक्ष देई, आणि दरसाल परतीचं काहीतरी अडे. वाट धड नाही, पेंढारी सुटलेत, दसरा होऊ दे, होळी होऊ दे. भिकोबा तिला न्यायला आला तर त्याला पागोटं बांधलं, वैरणीचा दारोगा केला. गवताच्या गंजींची राखण करायला माणसं, बसायला गादी, दुपारी तुपातले बाफले. पहिल्या वर्षी तो म्हणाला, आपण निघू. दुसऱ्या वर्षी म्हणाला, निघू की. तिसऱ्या वर्षी त्यानं विषय काढला नाही. पोट सुटलं, धाप लागायला लागली, आणि एक दिवस गंजीच्या सावलीत बसल्या बसल्या दारोगासाहेब गेले. त्यांना पालखीतून नेलं. ठकूबाईला हसावं की रडावं कळेना.

तिला काही कमी नव्हतं, हीच अडचण होती. दळायचं नाही, पाणी भरायचं नाही, झाडू हातात धरायचा नाही. एकदा तिनं अंगणातलं शेण उचललं, तर तिच्या दिमतीची केसर, ही इथलीच, माळव्यातली, अशी किंचाळली की पहारेकरी भाला घेऊन धावला. ‘आक्कासाहेब, शेण!’ ठकूबाई म्हणाली, ‘व्हय गं, शेणच हाय. तुला काय वाटलं, लाडू?’ लाल दरवाजापर्यंत ती रोज चालत जाई. रोज पहारेकरी वाकून मुजरा करी आणि त्याच वाकलेल्या अंगानं वाट अडवी. ‘हुकूम नाही, आक्कासाहेब.’ एवढ्या अदबीनं अडवलं की माणसाला शिवीसुद्धा देता येत नाही.

त्या वर्षी वैशाखात खैरगव्हाणकडचा घोड्यांचा व्यापारी आला, तो सांगावा घेऊन. ठकूबाईची लेक राही. राहीच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं, मार्गशीर्षात. राहीनं निरोप दिला होता, आये, नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायला तरी ये. ती तुला ओळखतबी न्हाई.

ठकूबाई तडक सुभानरावांकडे गेली. सुभेदार आरसेमहालात झोपाळ्यावर बसून पायांना तेल लावून घेत होते. संधिवातानं गुडघे धरले होते. तिला पाहून त्यांनी तेल लावणाऱ्याला बाहेर घालवलं.

‘काय गं ठके?’

‘राहीच्या पोरीचं लगीन हाय. मला जायचंय.’

‘जा की.’

‘कवा?’

‘आता ऐक. ते देशमुख आलेत ना, भगवंतराव. जुनं घराणं. त्यांची नात आपल्या नातवाला सांगून आलीय. म्हातारा लई खवट हाय. पैसा नगं, मुलूख नगं, म्हणतो वंश दाखवा. पंचमीला तुझी साक्ष ऐकायला थांबलाय. येवढं पार पडू दे, मग दसऱ्याला मी सोता तुला मेण्यात बसवतो.’

‘हे दर साली सांगतूस.’

‘दर साली देशमुख येतो का?’

ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. ह्याला तिनं भाकरी बांधून नेली होती, ह्याच्या पायातले काटे दातांनी ओढले होते. ‘सुभाना,’ ती म्हणाली, ‘माझ्याकडं बघून सांग.’

सुभानरावांनी गुडघ्याकडे बघून सांगितलं, ‘दसऱ्याला. शब्द.’

पाऊस लागला, नदी फुगली, देशमुख मंडळीही अडकून पडली. आषाढातल्या एका दुपारी बागेत ओरडा झाला. नाथू माळ्याची धाकटी पोर मोगऱ्याच्या वाफ्यात बसली होती आणि तिच्या समोर देव. नाथूनं हात जोडले नाहीत. त्यानं खुरपं उचललं.

दुसऱ्या सकाळी निकाल झाला. देव मारणाऱ्याला या दौलतीत थारा नाही. हद्दपार. ठकूबाईनं खिडकीतून पाहिलं. नाथू, त्याची बायको, पोरं, दोन गाठोडी आणि एक शेळी, सगळी नावेत बसली. नाथूची बायको रडत होती. नाव पलीकडच्या काठाला लागली. माणसं उतरली, शेळी उतरली, आणि चिखलातून चालत चालत दिसेनाशी झाली. त्यांना कुणी मुजरा केला नाही. कुणी अडवलंही नाही.

‘बिचारे,’ केसर म्हणाली. ‘आता कुठं जातील?’

‘पाहिजे तिकडं,’ ठकूबाई म्हणाली, आणि म्हणताना तिच्या अंगावर काटा आला.

कारण नाथूनं जे केलं तेच तिनं केलं होतं. बाभळीखालचा तो नाग निघून वगैरे गेला नव्हता. ती भाकरी घेऊन आली, सुभान्याच्या उशाशी फणा डोलताना पाहिला, आणि तिनं गुरं हाकायची काठी अशी घातली की नागाचं डोकं ठेचून मातीत गेलं. सुभान्या दचकून उठला तो मेलेल्या नागाच्या शेजारी. हे त्यालाही ठाऊक होतं. इतक्या वर्षांत ते दोघांच्याही तोंडून निघालं नव्हतं. आता तिला वाटलं, गुपचूप सांगितलं तर गुपचूप गाडतील. भरदरबारात सांगितलं, परक्या माणसांदेखत, तर कायदा पाळावाच लागेल. मग लाल दरवाजा आपणहून उघडेल.

पंचमीच्या आदल्या दिवशी अंताजीपंत तालमीला आले. दरसाल येत. पंत बुटके, नीटनेटके, आणि शब्द तोलून मापून देणारे.

‘आक्कासाहेब, यंदा नाग पाच फण्यांचा घ्यावा म्हणतो.’

‘पाच?’

‘पाच.’

‘पंत, मागल्या साली एकच हुता.’

‘मागल्या साली पाहुणेही साधेच होते.’

‘आन् त्याच्या आदल्या साली तुमी त्याच्या डोक्यावर मणी बसवला. आता पाच डोकी म्हंजी पाच मणी लागतील. परवडंल का सरकारला?’

पंत हसले नाहीत. त्यांनी उपरणं सारखं केलं. ‘आक्कासाहेब, मी गंमत करत नाही. हे लग्न झालं तर हे घराणं होईल. नाहीतर आपण सगळे कोण? एका गुराख्याच्या दारातली माणसं. उद्या सरकारांचं काही बरंवाईट झालं की हेच शेजारचे सरदार परगणे वाटून घेतील. तेव्हा तुम्हालाही कुणी मेण्यात बसवणार नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘उद्या नीट सांगते.’

पंचमीला चुलीवर तवा चढला नव्हता, विळीवर काही चिरलं गेलं नव्हतं. वाफवलेल्या दिंडांचा वास दरबारापर्यंत येत होता. बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बायका, पुढे सरदार, मानकरी. सुभानराव गादीवर, त्यांच्या उजव्या हाताला भगवंतराव देशमुख. देशमुख वाळलेल्या शेंगेसारखे होते. अंगरखा जुना, ठिगळ लावलेला, आणि ते ठिगळ दिसावं असे बसले होते. ज्याचं कूळ पुरतं जुनं असतं त्याला नवे कपडे लागत नाहीत.

ठकूबाईला मधोमध चौरंगावर उभं केलं. पंतांनी मान हलवली. सुरू करा.

तिनं दरसालसारखंच सुरू केलं. ऊन, बाभळ, झोपलेलं पोर. नेहमीच्या जागी थांबली. बायकांनी पडद्यामागे नेहमीच्या जागी श्वास रोखला.

‘आन् उशाशी नाग. एकच फणा. मणी न्हाई, कायबी न्हाई.’

पंत खोकले.

‘म्या काठी घातली. एकच. डोकं ठेचलं. नाग तितंच मेला.’

दरबारात कुणीतरी पानाचा डबा उघडत होतं, त्याच्या हातातच तो राहिला. सुभानराव हलले नाहीत. ठकूबाई त्यांच्याकडेच बघत होती. वाटलं, हा आता भडकेल, उठेल. ते उठले नाहीत. त्यांचा हात हळूच वर गेला आणि पागोट्याखाली, टाळूवर, जाऊन थांबला. जसं काही तिथे कुणी वस्तरा फिरवत होतं.

‘आक्कासाहेबांना बरं वाटत नसावं,’ पंत म्हणाले. ‘श्रावणातली हवा.’

‘मला बेस वाटतंय,’ ठकूबाई म्हणाली. ‘देव मारनाऱ्याला हद्दपार करायचा कायदा हाय. नाथू माळ्याला लावला. मलाबी लावा. मी नावंत बसते.’

‘थांबा,’ भगवंतराव म्हणाले.

त्यांचा आवाज लहान होता, पण आपलं ऐकलं जायची सवय असलेली माणसं जसं बोलतात तसा. ते पुढे झुकले. ‘बाई, मेल्या नागाचं काय केलंत?’

ठकूबाईला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. ‘काय करनार? नाग तो. टाकून देतेत व्हय? बानं सरण रचलं. शेजारनं तूप मागून आनलं. तोंडात तांब्याचा पैका घातला.’

‘अग्नी कुणी दिला?’

‘ह्यानं.’ तिनं गादीकडे हात केला. ‘बा म्हनला, तुझ्या उशाशी मेला, तूच दे. डोसकं भादरलं ह्याचं. मडकं खांद्यावर दिलं.’

‘सुतक?’

‘पाळलं की.’

‘पिंड?’

‘ठेवला. बानं सांगितलं तसं समदं केलं ह्यानं.’

‘कावळा शिवला?’

‘लगी शिवला,’ ठकूबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिला जाणवलं की म्हातारा तिला कुठेतरी नेतोय. नाव अजून काठालाच होती.

देशमुख सुभानरावांकडे वळले. आता ते पहिल्यांदाच त्यांना ‘राव’ न म्हणता बोलले. ‘महाराज, आपल्या वडिलांना अग्नी दिलात?’

‘न्हाई,’ सुभानराव म्हणाले. ‘कुटं पडले, कळलंच न्हाई कवा. देह मिळाला न्हाई.’

‘म्हणजे जन्मात एकालाच अग्नी दिलात. एकासाठीच डोकं भादरलंत. एकाचाच पिंड ठेवलात.’ म्हातारा उठून उभा राहिला. ‘ज्यानं अग्नी दिला तो पुत्र. आमच्याकडे दत्तकाचाही हाच न्याय. मला इथे सांगत होते, नाग आला, सावली धरली, गेला. अशा सावल्या मी पुष्कळ घराण्यांत ऐकल्या आहेत. एकाही नागाचा कुणी पिंड ठेवलेला नाही. हे शेषवंशाचं घर आहे. मला आता विचारायचं काही उरलं नाही.’

पंतांना एक श्वास लागला, तेवढाच. ‘शेषवंश,’ ते म्हणाले, जसं काही तो शब्द त्यांच्याच उपरण्यात बांधलेला होता. मग मानकरी म्हणाले, मग पडद्यामागून बायका. शहाजणे वाजायला लागली. सरदार उठून सुभानरावांना मुजरे करू लागले.

‘आन् मी?’ ठकूबाई ओरडून म्हणाली. ‘म्या मारला. माझं काय?’

देशमुख तिच्यापुढे आले. वाकले. तिच्या पायांपर्यंत हात नेला. ती मागे सरकायला गेली, पण चौरंग लहान होता.

‘माते,’ ते म्हणाले, ‘त्या देवाला देह सोडायचा होता, त्यानं तुझा हात घेतला. पण हत्या ती हत्या. तिचं प्रायश्चित्त एकच. त्याचं देऊळ व्हावं, आणि ज्या हातानं काठी घातली त्या हातानं तिथला नंदादीप जागता ठेवावा. हात आहे तोवर. तो विझला तर दोष घराण्याला.’

‘दोष घराण्याला,’ पंतांनी पुन्हा म्हटलं, लेखनिकाला ऐकू जाईल असं.

संध्याकाळी तिच्या दालनात बायकांची रीघ लागली. कुणी पायांवर पाणी घालत होतं, कुणी ओटी भरत होतं. तिच्या उजव्या हाताला तर हळद लावून लावून तो पिवळाधमक झाला. केसर दारात उभी राहून एकेकीला सोडत होती आणि आतून घाबरून ठकूबाईशी बोलत नव्हती. लाल दरवाजावरचा पहारेकरी आता या दारावरही होता.

मग सुभानराव आले, मागून पंत. बायका पांगल्या. सुभेदार तिच्याशेजारी जमिनीवरच बसायला गेले, गुडघा वाजला, तसे खाटेवर टेकले.

‘ठके, हे काय केलंस?’

‘मला वाटलं घालवून देशील.’

‘मला विचारायचं तरी.’

‘विचारलं की. दर साली विचारलं.’

सुभानरावांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, ‘दसऱ्याला खरंच धाडणार हुतो.’

‘खरंच?’

‘आता काय करायचंय.’

तो खरं बोलतोय की नाही हे तिला कळेना. लहानपणी कळायचं. गुरं पाटलाच्या शेतात गेली की तो नाक खाजवायचा. आता एवढ्या वर्षांत नाक खाजवायचंही सोडलं होतं.

‘मंग आता धाड,’ ती म्हणाली.

‘कसं धाडू? भरल्या दरबारात बोलला म्हातारा. दिवा तू लावायचा. तू गेलीस तर लगीन गेलं, लगीन गेलं तर...’ त्यानं हात पसरले. त्या पसरलेल्या हातात राजवाडा होता, पागा होत्या, परगणे होते, आणि तोही होता. तिला एकदम दिसलं की हाही कुठे जाऊ शकत नाही. पण ह्याला जायचंच कुठे होतं?

पंत पुढे झाले. त्यांचा चेहरा खरोखरच मऊ झाला होता. ‘आक्कासाहेब, मन लहान करू नका. आपण असं करू. राहीबाईंनाच इकडे आणू. नातीचं लग्न इथे, सरकारांच्या खर्चानं, नौबती वाजवून. मेणे दसऱ्याला निघतील. आणि मग परत तरी कशाला जायचं? सगळं गोत एका ठिकाणी. जावईबापूंसाठी वैरणीची दारोगी रिकामीच आहे.’

‘बेस बोललात, पंत,’ सुभानराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. ‘नातजावयालाबी घेऊ. पथकात.’

ठकूबाईनं दोघांकडे पाहिलं. दोघेही मनापासून बोलत होते. तिला गंजीच्या सावलीतला भिकोबा आठवला नाही. तिला राहीचा नवरा दिसला, पागोटं बांधलेला. राही दिसली, रेशमी लुगड्यात, रिकाम्या हातांनी खिडकीशी. नात दिसली, लाल दरवाजापर्यंत चालत जाणारी.

‘नगं,’ ती म्हणाली.

‘का गं?’

‘राहीला सांगावा धाडा. आय गेली म्हनावं.’

पंतांनी सुभानरावांकडे पाहिलं. सुभानराव म्हणाले, ‘कुटं गेली?’

‘मेली. तापानं म्हना, कशानंबी म्हना. म्हंजी ती यायची न्हाई, आन् वाटबी बघायची न्हाई.’

‘ठके, लग्नघर हाय तिचं.’

‘म्हनूनच आत्ता धाडा. दसऱ्याची वाट बघू नगा.’ ती हाताची हळद पदराला पुसत होती, ती निघत नव्हती. ‘दिल्या घरच्या लेकीला आईचं सुतक तीनच दिसाचं. रडंल, आंघोळ करंल, मोकळी हुईल. पोरीचं लगीन न्हाई आडायचं.’

पंत काहीतरी म्हणणार होते. सुभानरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. बाहेर अजून शहाजणे वाजत होती आणि कुणीतरी बुजुर्ग सरदार दारात येऊन, महाराज कुठे आहेत, विचारत होता.

‘सांगावा कुणाबरुबर धाडू?’ अखेर त्यांनी विचारलं.

‘आपल्या गावचा नगं,’ ठकूबाई म्हणाली. ‘आपल्या मानसाला खोटं बोलता येत न्हाई. इकडला बघ कुनीतरी.’